जेनेसिस कसं ऐकावं: कान खालच्या स्वरावर

जेनेसिस या इंग्लिश बँडबद्दल दोन मतं कायमची ठरून गेली आहेत. एक असं, की पीटर गॅब्रिएल गात होता तोवर, म्हणजे १९७५ पर्यंत, हा बँड थोर होता आणि नंतर बाजारू झाला. दुसरं बरोबर उलटं: फिल कॉलिन्स गायला लागला तेव्हा कुठे गाणी ऐकण्याजोगी झाली, त्याआधीचं सगळं डोक्यावरून जाणारं. सोलापुरात माझ्या ओळखीचे जे थोडेफार श्रोते आहेत, त्यांच्यातही हेच दोन तट. मला ही फाळणीच मान्य नाही. कॅसेटच्या जमान्यापासून मी हे अल्बम ऐकत आलोय आणि माझं म्हणणं असं, की १९७० ते १९९१ हा एकच बँड आहे. गायक बदलला, गाणी आखूड झाली, तरी त्यांचं संगीत ज्या पायावर उभं आहे तो पाया हलला नाही. तो पाया खालच्या स्वरात आहे आणि तानपुरा ऐकत वाढलेल्या माणसाला तो लगेच सापडतो.

आधी प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे चाहत्यांच्या तोंडचं 'प्रॉग', काय असतं ते पाहू. साधं रॉक गाणं तीन-चार मिनिटांचं. कडवं, धृपद, पुन्हा कडवं, पुन्हा धृपद, मध्ये गिटारचा एक तुकडा आणि ठेका चारचा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुणांना हा साचा अपुरा वाटू लागला. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, चर्चमधली सामूहिक गाणी, जॅझ, लोकगीतं, असं जे लहानपणापासून कानावर पडलं होतं ते त्यांनी रॉकमध्ये आणलं. गाणी दहा मिनिटांची झाली, वीस मिनिटांची झाली. एकाच गाण्यात पाच-सहा निराळे भाग आले, मध्येच ठेके बदलू लागले. किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल ही त्याच पिढीतली नावं. लांबीला लगाम होता तो एलपी रेकॉर्डचा, कारण एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटंच मावायची. कुठल्या गाण्यानंतर कुठलं यायचं हे ही मंडळी विचार करून ठरवत. म्हणून फोनवर ऐकणार असाल तर गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं बटण आधी बंद करा.

जेनेसिसची सुरुवात १९६७ सालची, सरे परगण्यातल्या चार्टरहाउस या शाळेत. गॅब्रिएल गायचा आणि बासरीही वाजवायचा. टोनी बँक्स कीबोर्डवर, माइक रदरफोर्ड बेस आणि गिटारवर, अँथनी फिलिप्स गिटारवर. फिलिप्स १९७० मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी ड्रम्सवर कॉलिन्स आला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला गिटारवर स्टीव्ह हॅकेट. हा पाच जणांचा संच १९७५ पर्यंत टिकला. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत असलेले दोघंच, बँक्स आणि रदरफोर्ड. माझं सगळं म्हणणं या दोघांभोवती आहे.

आपल्याकडे मागे तानपुऱ्याचे स्वर अखंड चालू असतात आणि त्यांच्यापुढे एकच सुरावट विस्तारत जाते. पाश्चात्त्य संगीतात तीन-चार स्वर एकदम वाजवून कॉर्ड करतात. कॉर्ड बदलली की बहुधा तळाचा बेसचा स्वरही बदलतो. बँक्स आणि रदरफोर्डची खोड वेगळी. रदरफोर्ड खाली एकच स्वर धरून बसतो आणि बँक्स त्याच्यावर एकामागून एक कॉर्ड बदलत जातो. काही कॉर्ड त्या स्वराशी जुळतात, काही त्याच्याशी भांडतात. हे भांडण वाढत जातं तसा कान अस्वस्थ होतो. आणि मग कधीतरी खालचा स्वर जागचा हलतो, तेव्हा सगळं दालनच उजळल्यासारखं वाटतं. या युक्तीला तिकडे पेडल पॉइंट म्हणतात, कारण चर्चमधल्या ऑर्गनला पायाने वाजवायच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर खालचा स्वर धरून ठेवता येतो. रदरफोर्डकडे तशाच पायपट्ट्या असलेलं वेगळं वाद्य होतं. पाय खाली स्वर धरायचे, हात वर बारा तारांची गिटार वाजवायचे.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या सप्ताहात अभंग बदलतात, चाली बदलतात, गाणारे बदलतात. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, पण खाली ठेवली जात नाही. जेनेसिसमधला तो खालचा स्वर मला तसा ऐकू येतो. म्हणून इंग्रजी शब्दांची धास्ती सोडा. आधी तळाकडे कान द्या, शब्द मागाहून.

यात एक व्यवहाराची अडचण आहे, ती आत्ताच सांगतो. फोनच्या स्पीकरमधून हा खालचा स्वर ऐकूच येत नाही. इतका खोल आवाज त्या इवल्याशा स्पीकरला पेलत नाही. आमच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असतील तर उरलासुरलाही बुडतो. बरे हेडफोन लावा, नाहीतर रात्र होऊ द्या.

ठेक्यांची भीती तर मुळीच बाळगू नका. सातचा ठेका म्हटला की पाश्चात्त्य श्रोता सावरून बसतो; आपल्याकडे तबला शिकणारं पोरही रूपक वाजवतं. 'डान्स ऑन अ व्होल्कॅनो' सातात आहे. 'सपर्स रेडी'मधला सर्वांत गाजलेला तुकडा नवात आहे, तीन-दोन-चार असा मोजून बघा. 'टर्न इट ऑन अगेन' हे तर रेडिओवर गाजलेलं, नाचायला लावणारं गाणं, आणि त्याचा मुख्य हिशोब तेराचा. बाळीवेशीत भजनाला साथ करणाऱ्या माझ्या एका मित्राला मी ते ऐकवलं. त्याने मांडीवर मोजलं आणि म्हणाला, "तेरा आहेत की ओ ह्या! जयताल झाला." मग थोडा वेळ ऐकून विचारलं, "पण खाली कुठाय?" त्याचा प्रश्न रास्त होता. खाली-भरी, म्हणजे ठेक्यातल्या रिकाम्या आणि भरलेल्या मात्रा, इथे नाही. आपला ताल बंदिशभर तोच राहतो, त्याला स्वतःचं रूप असतं. इथे नुसती मात्रांची संख्या ठरलेली असते आणि पुढच्या भागात तीही बदलू शकते. त्यामुळे मोजायला आपलं गणित जरूर वापरा, तिहाईची वाट मात्र पाहू नका.

आता अल्बम. १९६९ चा पहिला, 'फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन', शाळकरी पोरांचा आहे. नावामुळे काही दुकानदारांनी तो धार्मिक रेकॉर्डमध्ये ठेवला होता म्हणतात. सोडून दिला तरी चालेल. 'ट्रेसपास' (१९७०) मध्ये बारा तारांच्या गिटारी एकमेकींत गुंफण्याची त्यांची लकब प्रथम दिसते. त्यातलं 'स्टॅग्नेशन' मला फार आवडतं. 'नर्सरी क्राइम' (१९७१) मध्ये कॉलिन्स आणि हॅकेट आले आणि आवाजाला एकदम बळ चढलं. त्यातलं 'द म्युझिकल बॉक्स' ही दहा मिनिटांची भुताची गोष्ट आहे. खेळता खेळता मारला गेलेला मुलगा संगीत वाजवणाऱ्या पेटीतून परत येतो आणि बघता बघता म्हातारा होतो. त्याची आयुष्यभराची अपुरी वासना त्या शेवटच्या दोन मिनिटांत ज्या तऱ्हेने उसळते, ती ऐकताना अंगावर काटा येतो. उरलेला अल्बम त्या उंचीचा नाही.

'फॉक्सट्रॉट' (१९७२) इथे थांबलंच पाहिजे. तो सुरू होतो 'वॉचर ऑफ द स्काइज'च्या मेलोट्रॉनने. मेलोट्रॉन हे चमत्कारिक वाद्य होतं. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर आधीच मुद्रित केलेला व्हायोलिनचा किंवा गायकवृंदाचा एक स्वर. पट्टी दाबली की टेप फिरते, सातआठ सेकंदांत संपते, मग बोट उचलून पुन्हा दाबायची. बँक्सने आपला मेलोट्रॉन किंग क्रिम्सनकडून विकत घेतला होता. त्याने सुरुवातीला दोन कॉर्ड आलटून पालटून ठेवल्या आणि दोन्हींच्या खाली स्वर एकच ठेवला. वर आभाळ बदलत राहतं, खाली काहीच हलत नाही. मी वर जे सांगितलं ते पडताळायला ही पहिली दीड मिनिटं पुरेशी आहेत.

दुसऱ्या बाजूवर 'सपर्स रेडी' आहे. सुमारे तेवीस मिनिटं, सात भाग. एका घरातल्या शांत संध्याकाळी सुरू होऊन बायबलमधल्या जगाच्या अंताच्या दृश्यांपर्यंत जातं आणि नव्या जेरुसलेमच्या दर्शनाने संपतं. सहाव्या भागात तो नवाचा ठेका येतो. रदरफोर्ड तीनच स्वरांत घुटमळत राहतो, कॉलिन्स नऊ मात्रा सोडत नाही आणि या दोघांच्या जोरावर बँक्स ऑर्गनवर वाटेल त्या कॉर्डमध्ये शिरून बाहेर येतो. हा तुकडा बँक्स, रदरफोर्ड आणि कॉलिन्स या तिघांनी मिळून जमवला होता. गॅब्रिएलने नंतर त्याच्या शेवटावर गायला सुरुवात केली तेव्हा बँक्सला आधी ते खटकलं, आणि मग त्यालाच ते सर्वांत थोर वाटलं. मलाही वाटतं. गॅब्रिएलच्या त्या किंकाळीनंतर पहिल्या भागातले सूर मुखड्यासारखे परत येतात; वीस मिनिटं भटकून समेवर आल्याचं समाधान त्यात आहे. 'गॅब्रिएल म्हणजेच जुना जेनेसिस' असं म्हणणाऱ्यांनी हा तुकडा कोणी बांधला ते विसरू नये.

गॅब्रिएलच्या वेशभूषांबद्दल फार लिहिलं गेलंय. लाल झगा घालून, कोल्ह्याचं मुंडकं चढवून तो रंगमंचावर आला आणि वृत्तपत्रांना बँड दिसू लागला, हे खरं. संगीत समजायला त्याची गरज नाही.

माझ्या मते त्यांचं सर्वश्रेष्ठ काम 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (१९७३). 'फर्थ ऑफ फिफ्थ'ची सुरुवात एकट्या पियानोची आहे, मात्रांचा हिशोब क्षणोक्षणी बदलतो तरी ओघ कुठे तुटत नाही. मग मध्यावर गॅब्रिएलची बासरी एक साधी, उदास धून वाजवते. पियानोची सुरुवातीची सुरावट पूर्ण बँडच्या आवाजात परतते. आणि त्यानंतर हॅकेट तीच बासरीची धून गिटारवर घेतो. घाई नाही, बोटांची करामत दाखवणं नाही. एकेक स्वर इतका लांबवतो, की विलंबित ऐकणाऱ्याला तो आपला माणूस वाटावा. कीराना घराण्याच्या गाण्यावर पोसलेल्या आमच्या सोलापुरी श्रोत्यांना प्रॉगमधलं एकच काही ऐकवायचं झालं तर मी हे ऐकवतो.

याच अल्बममधलं 'द सिनेमा शो' माझ्यापर्यंत अर्धंच पोचलं होतं. मित्राने नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर अल्बम भरून दिला होता. बाजू पंचेचाळीस मिनिटांची, अल्बम त्रेपन्न मिनिटांचा. गाणं चौथ्या-पाचव्या मिनिटाला तुटायचं आणि मी ते एक गोड, हळुवार गीत समजत होतो. मुंबईहून पूर्ण कॅसेट आली तेव्हा पुढचं ऐकलं. सहाव्या मिनिटानंतर गाणारा थांबतो, रदरफोर्डची गिटार सातात सुरू होते, कॉलिन्स तिच्याखाली धावू लागतो आणि बँक्स चार-साडेचार मिनिटं सिंथेसायझरवर एकामागून एक सुरावट उलगडत नेतो. गॅब्रिएल नाही, हॅकेट नाही. फक्त तिघं. पुढे १९७८ ला जो तिघांचा जेनेसिस उरला आणि ज्याच्यावर बाजारूपणाचा शिक्का बसला, तो इथे, जुन्या चाहत्यांच्या सर्वांत लाडक्या अल्बममध्ये, पाच वर्षं आधीच वाजतोय. फाळणीचं मत मला पटत नाही ते या चार मिनिटांमुळे. अल्बममध्ये दोष एकच: 'द बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट'. गुंडांच्या टोळीयुद्धाची गोष्ट, शब्द इतके कोंबलेले की खालच्या सुंदर संगीताला श्वास घ्यायला जागा नाही.

'द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' (१९७४) हा दोन रेकॉर्डांचा अल्बम. न्यूयॉर्कमधला राएल नावाचा पोर्तो रिकन पोरगा जमिनीखालच्या एका विचित्र जगात ओढला जातो, त्याची कहाणी. जवळजवळ सगळे शब्द गॅब्रिएलने एकट्याने लिहिले, संगीत बाकीच्यांनी बांधलं आणि ही दुफळी ऐकू येते. पहिली रेकॉर्ड अजोड आहे. 'इन द केज'मध्ये बेस काळजाच्या ठोक्यासारखा एकाच स्वरावर आपटत राहतो. दुसऱ्या रेकॉर्डवर कहाणी गुंतत जाते आणि मधली काही वाद्यसंगीतं केवळ जागा भरतात. हा अल्बम पूजणारे चाहते पुष्कळ आहेत, त्यांच्याशी माझे वाद होतात. नवख्याने इथून सुरुवात करू नये यावर मात्र आमचं एकमत आहे.

१९७५ मध्ये गॅब्रिएल गेला. पुष्कळ गायकांची चाचणी घेऊन झाली, कोणी पसंत पडेना. शेवटी ड्रम्सवरचा कॉलिन्सच गायला लागला. 'अ ट्रिक ऑफ द टेल' (फेब्रुवारी १९७६) ऐकताना बँडचा गायक सोडून गेलाय असं कुठेच जाणवत नाही. उलट गाणी मोकळी, स्वच्छ झाली आहेत. कॉलिन्स गोष्ट अंगावर घेत नाही, शांतपणे सांगतो आणि बँक्सच्या कॉर्डांना त्यामुळे उजेड मिळतो. शेवटच्या 'लॉस एंडॉस'मध्ये अल्बममधल्या आधीच्या सुरावटी परत येतात आणि अगदी अखेरीस, संगीत विरत असताना, कॉलिन्स हलक्या आवाजात 'सपर्स रेडी'मधले शब्द गुणगुणतो. गेलेल्या मित्राला केलेला तो नमस्कार आहे. ज्याला हा बँड ठाऊक नाही त्याने सुरुवात या अल्बमपासून करावी.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'विंड अँड वदरिंग' आला. हा सर्वांत करडा, थंडीवाऱ्याचा अल्बम, आणि आमच्या भाजून काढणाऱ्या मे महिन्यात गच्चीवर पडून ऐकायला मला हाच लागतो. बँक्सचं 'वन फॉर द व्हाइन' नीट समजून घ्या. आपल्या पुढाऱ्याला लोक देवदूत मानतात हे सहन न होऊन एक माणूस पळतो. दुसऱ्या लोकांत जाऊन पडतो, तर ते त्यालाच देवदूत मानतात. नाइलाजाने तो त्यांना लढाईवर नेतो आणि शेवटी त्याला गर्दीतून एक माणूस तोंड फिरवून निघून जाताना दिसतो. गोष्ट गोल फिरते, संगीतही दहा मिनिटांत फिरून मूळ जागी येतं. या अल्बमनंतर हॅकेट बाहेर पडला. गिटार हळवी होण्याची जागा त्याच्याबरोबर गेली, ती नंतर भरून निघाली नाही.

तिघांचा पहिला अल्बम १९७८ चा. त्यातल्या 'फॉलो यू फॉलो मी'मुळे त्यांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला. बाकी अल्बम मला गुदमरल्यासारखा वाटतो, कल्पना पुष्कळ आणि प्रत्येकीला मिनिटं थोडी.

'ड्यूक' (१९८०) मात्र दोन्ही तटांनी दुर्लक्षिलेलं रत्न आहे. मुळात यातली सहा गाणी जोडून अर्ध्या तासाची एकच रचना करायची होती. 'सपर्स रेडी'शी तुलना होईल म्हणून त्यांनी ती तोडून अल्बमभर पसरली. क्रम बदलू नका असं मी वर म्हटलं, पण इथे एकदा तो मोडाच. 'बिहाइंड द लाइन्स', 'डचेस', 'गाइड व्होकल', 'टर्न इट ऑन अगेन', 'ड्यूक्स ट्रॅव्हल्स', 'ड्यूक्स एंड' असं सलग लावा. 'डचेस' ही एका गायिकेची कहाणी: आधी तिला टाळ्यांची पर्वा नसते, मग टाळ्यांची सवय लागते, मग त्या थांबतात. सहा-सात मिनिटांत एक अख्खं आयुष्य. यात कॉलिन्सने ड्रम मशीन वापरलं म्हणून नाक मुरडणारे आहेत. ते यंत्र मागे एका लयीत टकटकत राहतं आणि मग खरे ड्रम्स येतात, तो क्षण त्यांनी पुन्हा ऐकावा.

पुढचं पटकन. 'अबकॅब' (१९८१) मध्ये 'हू डनिट' सोडून द्या. १९८३ च्या अल्बममधलं 'इल्लीगल एलियन' तर त्यांनी करायलाच नको होतं, परक्या माणसाच्या बोलण्याची टिंगल आहे ती. पण त्याच अल्बमची सुरुवात 'मामा'ने होते: यंत्राचा ठोका, खाली एक जड स्वर गुरगुरत राहतो, आणि वर कॉलिन्सचा आवाज हळूहळू वेडापिसा होत जातो. 'वॉचर'मधली तीच युक्ती, अकरा वर्षांनी. 'इनव्हिजिबल टच' (१९८६) त्यांचा सर्वांत लोकप्रिय अल्बम, शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते मला पोकळ वाटतं. पण त्याच रेकॉर्डवर 'डॉमिनो' आहे, दहा मिनिटांचं, दोन भागांचं, आणि हा बँड काय आहे हे ते विसरलेले नाहीत याची खूण.

'वी कान्ट डान्स' (१९९१) चं शेवटचं गाणं 'फेडिंग लाइट्स'. दहा मिनिटांचं. मध्ये गाणं थांबतं आणि बँक्स, रदरफोर्ड, कॉलिन्स तिघंच वाजवत सुटतात, 'सिनेमा शो'सारखे. कॉलिन्स गायक असलेल्या स्टुडिओ अल्बमांमधलं हे शेवटचं गाणं. 'सिनेमा शो'चा उत्तरार्ध आणि हे, दोन्ही पाठोपाठ लावा आणि मग मला सांगा की हे दोन वेगळे बँड आहेत.

कॉलिन्स गेल्यावर १९९७ मध्ये रे विल्सन या नव्या गायकासह 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' आला. विल्सनचा आवाज चांगला आहे. कमी आहे ती ड्रम्समागच्या कॉलिन्सची. बँक्स कॉर्ड बदलतो, रदरफोर्ड स्वर धरतो, पण त्या दोघांना पुढे ढकलणारं कोणी नाही.

ऐकण्याचा क्रम विचाराल तर 'अ ट्रिक ऑफ द टेल', मग 'सेलिंग इंग्लंड', मग 'ड्यूक' वर सांगितल्या क्रमाने, आणि त्यानंतर 'फॉक्सट्रॉट'. तबला वाजवणाऱ्यांनी 'ड्यूक'पासून सुरुवात केली तरी चालेल. गाणाऱ्यांनी आधी 'फर्थ ऑफ फिफ्थ' ऐकावं. 'लँब' सर्वांत शेवटी, आणि सुट्टीच्या दिवशी, कारण त्याला सलग दीड तास हवा.